ड्रायव्हर उतरला, त्याची बाकीची कामं कोण करणार? (विनाचालक गाड्यांचा आतला भाग)

शिवणरेघ

मंडळी, नमस्कार.

१८ वर्षं गाड्यांच्या आतल्या भागाचं काम करतोय. सुरुवात चाकणला झाली, आता मिशिगनमध्ये आहे. सीटचा फोम, त्यावरचं कापड, दाराची आतली बाजू, छताचं अस्तर, हात टेकायची जागा, या सगळ्याला आमच्या धंद्यात ‘ट्रिम’ म्हणतात. गेली काही वर्षं माझ्या टेबलावर विनाचालक गाड्यांचं काम आहे. डोक्यात एक गोष्ट घोळतेय, ती इथल्या लोकांसमोर ठेवावीशी वाटली, कारण इथे सगळ्या वयाची आणि सगळ्या गावांची माणसं आहेत. आमच्या ऑफिसात तशी नाहीत.

मागच्या वर्षी आई कराडहून आली होती. वय ७३. बहीण फिनिक्सला राहते, तिच्याकडे गेलो तेव्हा वेमो कंपनीची विनाचालक टॅक्सी मागवली. गाडी आली, छपरावरच्या घुमटावर माझी आद्याक्षरं उमटली, आम्ही मागे बसलो. समोर रिकाम्या जागेपुढचं स्टीअरिंग आपोआप वळायला लागलं तेव्हा आईने माझा हात धरला. दोन सिग्नल गेल्यावर सोडला. मला वाटलं होतं घाबरेल. ती घाबरली नाही, तिला वेगळ्याच गोष्टी अडल्या. समोरच्या स्क्रीनवर आजूबाजूच्या गाड्या आणि चालणारी माणसं दिसत होती, ते तिला आवडलं, पण सूचना इंग्रजीत होत्या. ‘जरा पुढं घ्या म्हणायचं असलं तर कुणाला म्हणायचं?’ हा तिचा पहिला प्रश्न. उतरताना गुडघ्याने साथ दिली नाही, तेव्हा तिने पुढच्या सीटची पाठ धरली आणि त्यावर भार टाकून उठली. दार लावल्यावरही ती तिथंच थोडी थांबली. ‘कुणाला काहीच म्हणायचं नाही होय?’ म्हणाली.

तेव्हापासून मी ड्रायव्हरच्या कामांची यादी करतोय. गाडी चालवणं हे त्यातलं एक. बॅग डिकीत टाकणं, दार नीट लागलं नाही हे आवाजावरून ओळखणं, ‘इकडून उतरू नका, मागून बाईक येतेय’ म्हणणं, म्हातारं माणूस बसेपर्यंत गाडी न हलवणं, लहान मूल ओकलं तर कागद देणं, सीटवर राहिलेला फोन परत आणून देणं, रात्री दार उघडेपर्यंत हेडलाइट चालू ठेवणं. या कामांचे पैसे त्याला वेगळे कुणी देत नव्हतं, म्हणून ती कुठल्याच कागदावर नाहीत. आता तो माणूस जागेवर नाही. मग ही कामं सीटने, दाराने, दिव्याने, आवाजाने आणि एखाद्या दांडीने करायला हवीत. विनाचालक गाडीच्या आतल्या रचनेचं खरं काम हे, असं माझं मत झालंय.

गेल्या दहा-बारा वर्षांत या धंद्याने चित्रं मात्र वेगळीच काढली. मर्सिडीजने २०१५ मध्ये एफ ०१५ दाखवली, त्यात चार खुर्च्या एकमेकींकडे वळत होत्या. व्होल्वोने २०१८ मध्ये ३६०सी दाखवली, तिच्या एका रूपात चक्क बिछाना होता, रात्रीच्या छोट्या विमानप्रवासाला पर्याय म्हणून. मी तेव्हा अशाच चित्रांवर रात्री जागवल्या आहेत आणि त्या कामावर माझं प्रेम होतं. पण त्यातल्या एकाही चित्रात ७३ वर्षांची बाई गाडीतून उतरताना मी पाहिली नाही.

तुम्ही कुणी अशा गाडीत बसला असाल तर अनुभव लिहा. बसला नसाल तर तुमच्या घरच्यांना साध्या टॅक्सीत काय अडतं ते लिहा. मला दोन्ही सारखंच उपयोगी आहे.

---

घाटवाट

दादा, धागा फार आवडला. मी बसलेले नाही, आमच्याकडे कोल्हापुरात कुठून येणार. पण एक विचारते. मला गाडी लागते. लहानपणापासून. आंबा घाटात एसटीत मागच्या बाकावर बसले की साखरप्यापर्यंत संपलं. आवळासुपारी, लिंबू हुंगणं, आल्याची वडी सगळं करून झालं. उपाय एकच लागू पडला, पुढे बसायचं आणि रस्त्यावरून नजर हलवायची नाही. आणि स्वतः गाडी चालवायला शिकले तेव्हा तर एकदाही लागली नाही, तोच घाट, तीच वळणं.

आता तुम्ही म्हणता खुर्च्या एकमेकींकडे तोंड करून. म्हणजे निम्मी माणसं उलटी बसणार. वर पुढ्यात स्क्रीन. माझ्यासारखीने काय करायचं?

---

शिवणरेघ

ताई, तुम्ही जे लिहिलंत त्यावर आमच्याकडे माणसं आयुष्यं घालवतात.

गाडी लागते ती डोळे आणि कान यांचं जमत नाही म्हणून. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण हलतोय, डोळे पुस्तकात किंवा फोनवर असले तर सांगतात की आपण स्थिर आहोत. मेंदूला यातलं काय खरं धरावं कळत नाही. चालवणाऱ्याला लागत नाही, कारण वळण येणार हे त्याच्या हाताला आधीच माहीत असतं आणि अंगही त्याप्रमाणे आधीच सावरतं. विनाचालक गाडीत सगळेच प्रवासी, म्हणजे हा आजार ज्यांना कधी नव्हता त्यांनाही होऊ शकतो.

सगळ्यात वाईट हेलकावा संथ असतो. जहाजांवरच्या अभ्यासातून १९७० च्या दशकात कळलं की ०.२ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे साधारण पाच सेकंदांत एक हेलकावा, माणसाला सर्वात जास्त मळमळवतो. खड्ड्यांचा खडखडाट त्यापुढे बरा. शहरात गाडी हळूच वेग घेते, हळूच सोडते, परत घेते, तेव्हा ती नेमकी त्या पट्ट्यात जाते. त्यामुळे ब्रेक कसा लागतो हेसुद्धा आतल्या रचनेचाच भाग आहे असं मी धरतो, जरी ते काम दुसऱ्या मजल्यावरचे लोक करत असले तरी.

आमच्या हातात काय आहे? खिडकीची खालची कड खाली ठेवणं, म्हणजे बसलेल्या माणसाला रस्ता आणि क्षितिज दिसत राहील. स्क्रीन मांडीवर न ठेवता डोळ्यांच्या उंचीला ठेवणं. ॲपलने २०२४ मध्ये फोनच्या कडांना हलणारे ठिपके दिले, गाडी वळली की ठिपके त्याप्रमाणे सरकतात, तेही डोळ्यांना हालचालीची खबर देण्यासाठीच. आणि मला सर्वात आशा आहे ती एका साध्या गोष्टीची. आपण वळणार हे गाडीला काही सेकंद आधी माहीत असतं. मग ते तिने प्रवाशालाही सांगावं. दाराच्या आतल्या बाजूने एक मंद दिव्याची रेघ, वळायच्या आधी ती त्या बाजूला सरकते. मी स्वतः नमुन्याच्या गाडीत डोळे मांडीवर ठेवून बसून पाहिलं. नजरेच्या कडेला रेघ सरकली की मान आपोआप सावरते. पोटात बरं वाटलं. हा एका माणसाचा अनुभव, त्यापुढे मी काही म्हणत नाही.

उलटं बसण्याबद्दल तुमची शंका रास्त आहे. पण उलटं बसण्याची एक दुसरी बाजू आहे, ती कुणी क्रॅशवालं इथे असेल तर सांगेल.

---

पट्टा आधी

आहे. मी १२ वर्षं सीटबेल्ट आणि एअरबॅगवर काम करतो, सध्या पुण्यात.

समोरून धडक बसते तेव्हा सगळा खेळ सेकंदाच्या दहाव्या भागात आटोपतो. एअरबॅग ३० ते ५० मिलिसेकंदांत फुगलेली असते, पापणी लवायच्या आत. आजच्या गाडीत ही सगळी व्यवस्था डॅशबोर्ड आणि स्टीअरिंग यांच्या भरवशावर उभी आहे. ते दोन्ही काढून समोर दुसरा माणूस बसवला की हिशेब पहिल्यापासून मांडावा लागतो.

पुढे तोंड करून बसलेल्याला पट्टा धरतो. मागे तोंड करून बसलेल्याला सीटची पाठ धरते, संपूर्ण अंगाला सारखा आधार मिळतो, आणि म्हणूनच लहान बाळांची सीट उलटी लावतात. पण त्यासाठी पाठ उंच हवी, डोक्यामागचा आधार जवळ हवा आणि सीटचा सांगाडा एवढा भक्कम हवा की तो स्वतः वाकून जाणार नाही. झूक्स नावाच्या कंपनीची विनाचालक टॅक्सी बघा. ३.६३ मीटर लांब, चार जागा समोरासमोर, आणि तिला पुढची-मागची बाजूच नाही, दोन्ही दिशांना तशीच धावते. म्हणजे आत्ता जी सीट ‘मागची’ आहे ती पुढच्या फेरीत ‘पुढची’ होते. प्रत्येक सीटने दोन्ही कामं करायची.

आरामात मागे रेलणं हे आणखी कठीण. पाठ फार मागे टाकली की पोटावरचा पट्टा कमरेच्या हाडावरून वर सरकतो आणि धडकेत माणूस पट्ट्याखालून पुढे घसरतो. हाडाने घ्यायचा मार आतडी घेतात. व्होल्वोच्या त्या बिछान्यासोबत खास सुरक्षा-पांघरुणाची कल्पना होती ती यामुळेच. झोपून प्रवास करायला लोकांना आवडेल यात शंका नाही. मी मात्र आडव्या माणसासाठी सही करण्याआधी बऱ्याच चाचण्या मागेन.

सरकत्या दारांसाठी मधला खांब काढला की खांद्याचा पट्टा अडकवायला जागा राहत नाही, तो सीटमध्येच बसवावा लागतो. सीट जड होते, तिच्याखालची जमीन मजबूत करावी लागते, बॅटरी त्याच जमिनीत असते. एका सुंदर रुंद दारामागे एवढी साखळी आहे.

कायद्याचंही सांगतो. अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा खात्याने मार्च २०२२ मध्ये नियम बदलले, हाताने चालवायची साधनं नसलेल्या गाडीतही प्रवाशाचं संरक्षण तेवढंच हवं असं स्पष्ट केलं. त्याआधीच्या नियमांत ‘ड्रायव्हरची सीट’ गृहीतच होती. तरी आरसे, ब्रेकचं पेडल अशा बाबतीत सूट मागावी लागते आणि ती एका उत्पादकाला वर्षाला २५०० गाड्यांपुरतीच मिळू शकते. झूक्सला ऑगस्ट २०२५ मध्ये प्रात्यक्षिकापुरती सूट मिळाली आणि सप्टेंबरमध्ये लास व्हेगासला त्यांनी लोकांना फुकट फेऱ्या सुरू केल्या. उलट जनरल मोटर्स आणि होंडा यांनी मिळून केलेली क्रूझ ओरिजिन, सहा जागा समोरासमोर, २०२० च्या जानेवारीत थाटात दाखवलेली, २०२४ मध्ये बाजूला ठेवली गेली. आणि सगळ्यात जास्त प्रवासी नेणारी वेमो? तिचा बराचसा ताफा जॅग्वार आय-पेसचा, म्हणजे स्टीअरिंग, पेडल, खांब सगळं असलेली साधी गाडी.

---

मोगरा ७

वाचतेय. माझ्या सासऱ्यांना गाडीत बसताना डोकं आपटतं, दर वेळी. कुणीतरी त्याचं बघा.

---

तिसरा मजला

शिवणरेघ, तुमची यादी वाचून मला आमचा लिफ्टमन आठवला. गिरगावातल्या आमच्या जुन्या इमारतीत जाळीच्या दाराची लिफ्ट होती. लिफ्टमनकाका कुणाकडे पाहुणे आलेत, कुणाच्या हातात दळण आहे, कुणाची आजी दोन मजले चढून दमली आहे, हे सगळं बघून दार धरायचे. बटणाची लिफ्ट आली आणि ते गेले.

न्यूयॉर्कमध्ये १९४५ च्या सप्टेंबरात लिफ्ट चालवणाऱ्यांनी संप केला होता, तेव्हा मोठमोठ्या इमारती बंद पडल्यासारख्या झाल्या. स्वयंचलित लिफ्ट त्याच्या कितीतरी आधीपासून होत्या, पण लोक एकटे आत जायला कचरत. मग हळूहळू आत काय काय आलं ते बघा. थांबवायचं लाल बटण. बाहेर बोलायला फोन. मजला सांगणारा आवाज. दाराच्या मध्ये हात आला की परत उघडणारी दारं. यातल्या प्रत्येक गोष्टीने त्या माणसाचं एकेक काम उचललं. तुमच्याही गाडीत तेच होणार असं मला वाटतं. मुंबई मेट्रोच्या २अ आणि ७ मार्गांच्या गाड्या विनाचालक धावू शकतील अशाच बनवल्यात, तरी पुढे माणूस असतो. पण प्रवासी त्याच्याकडे बघतही नाही, कारण ‘पुढील स्थानक’ आणि दरवाजे कोणत्या बाजूला उघडणार हे त्याला मराठीत ऐकू येतं. तुमच्या आईला फिनिक्सच्या गाडीत तेवढंच हवं होतं.

---

पांढरी काठी

मला दिसत नाही. पुण्यात वाढलो, गेली ९ वर्षं अमेरिकेत. या विषयावर माझ्याकडे बोलण्यासारखं बरंच आहे.

गुगलने २०१४ मध्ये ती छोटी दोन सीटची, अंड्यासारखी गाडी दाखवली होती. ऑक्टोबर २०१५ मध्ये टेक्सासच्या ऑस्टिनमध्ये स्टीव्ह महान नावाचे दृष्टिहीन गृहस्थ तिच्यात एकटे बसून रस्त्यावरून गेले. ती बातमी मी ज्या दिवशी ऐकली त्या दिवशी घरात कुणाशी बोलू शकलो नाही, एवढा भरून आलो होतो. आमच्यासाठी ही गाडी चैन नाही. माझ्या मित्राला त्याच्या मार्गदर्शक कुत्र्यासह बसवून घ्यायला टॅक्सीवाल्यांनी कितीदा नकार दिलाय. रिकाम्या गाडीत नकार देणारं कुणी नसतं.

पण शिवणरेघ म्हणतात तसा ड्रायव्हर गेल्याचा तोटाही आम्हालाच आधी होतो. पहिला प्रश्न, गाडी कुठे आहे? ड्रायव्हर हाक मारायचा. वेमोत फोनवरून गाडीला सूर वाजवायला लावता येतो, त्या दिशेने जाता येतं, हे उत्तम आहे. दुसरा, दाराची मूठ. हल्ली मुठी दारात सपाट दडवतात. बोटांना काही लागतच नाही. तिसरा आणि सर्वात मोठा, उतरल्यावर. ‘दादा, उजवीकडे तीन पावलं, मग पायरी आहे’ हे एक वाक्य ड्रायव्हर बोलायचा. एकदा एका विनाचालक टॅक्सीने, कंपनीचं नाव घेत नाही, मला बरोबर पत्त्यावर सोडलं, फक्त रस्त्याच्या विरुद्ध बाजूला आणि एका झुडपाच्या वाफ्यासमोर. ‘तुम्ही पोहोचलात’ एवढंच म्हणाली आणि निघून गेली. मी वाफ्यात पाय टाकला. तिला आजूबाजूचं सगळं दिसत असतं ना? झाड दिसतं, फूटपाथची कड दिसते, पायरी दिसते. ते ती स्वतःसाठी वापरते. तेच मला आवाजात सांगायला काय हरकत आहे?

आणि बटणं. कृपा करून सगळं काचेच्या स्क्रीनवर नेऊ नका. थांबवायचं आणि मदत मागायचं, ही दोन तरी बोटाला कळणारी, उठावाची, ब्रेल असलेली हवीत, प्रत्येक गाडीत एकाच जागी.

---

शिवणरेघ

पांढरी काठी, तुमची ‘एकाच जागी’ ही सूचना मी वहीत लिहून घेतली. आम्ही आतापर्यंत प्रत्येक मॉडेलला वेगळी जागा देण्यात कौशल्य मानत आलो. यात आमची चूक आहे.

---

लेकुरवाळी

घाईत लिहितेय, बाळ झोपलंय.

ड्रायव्हरच्या यादीत एक काम राहिलं, वाट बघणं. चाइल्ड सीट आपलीच न्यावी लागते आणि ती नव्या गाडीत बसवायला मला चार मिनिटं लागतात, त्यातही हुकाची जागा सीटच्या फटीत खोल असली की नखं तुटतात. माणूस असला की तो म्हणतो ‘सावकाश ताई’. मागे एकदा आम्ही बसलो त्या विनाचालक गाडीत (कुठली ते सोडा) वेळेची उलटी मोजणी सुरू होती, बाळ रडत होतं, पाऊस होता, आणि मी अर्धवट लावलेला पट्टा घेऊन रडकुंडीला आले. शेवटी फेरी रद्द केली. मला मखमल नको, छतावर चांदण्या नकोत. हुक वर हवेत, दिसतील असे, आणि ‘आम्हाला वेळ लागेल’ असं एक बटण हवं.

---

रातराणी

मी सॅन फ्रान्सिस्कोत राहते, रात्रपाळी करते. पहाटे दोनला घरी जाताना अनोळखी ड्रायव्हर नाही याने मला जे हायसं वाटतं ते शब्दांत सांगता येणार नाही. फोनवर खोटं खोटं बोलत बसावं लागत नाही. हे आधी सांगते, कारण पुढचं तक्रारीसारखं वाटेल.

२०२४ च्या सप्टेंबरात याच शहरात एका बाईची विनाचालक टॅक्सी दोन पुरुषांनी रस्त्यात उभं राहून अडवली आणि तिचा नंबर मागत राहिले. गाडी समोर माणूस दिसला की थांबते, थांबायलाच हवी. पण आत बसलेल्या बाईचं काय? माणूस ड्रायव्हर असता तर मागे घेतली असती, हॉर्न वाजवला असता, ओरडला असता. म्हणून मला आतून काय हवं ते सांगते. काचा रात्री आतून गडद करता याव्यात. आतला दिवा दार उघडताना लख्ख लागतो, त्यामुळे बाहेरच्यांना मी दिसते आणि मला बाहेरचं दिसत नाही, हे अगदी उलटं आहे. दार उघडायच्या आधी बाहेरचा दिवा लागावा. आणि मदतीचं बटण दाबल्यावर माणसाचा आवाज यावा, तोही लगेच.

कॅमेऱ्याबद्दल माझं मन दोन्हीकडे आहे. आत कॅमेरा आहे म्हणून आधीचा प्रवासी गाडी घाण करत नाही आणि कुणी सीटखाली लपून बसलेलं नसणार याची खात्री वाटते. पण मी तिथे डुलकी काढते, आईशी बोलताना रडते. कॅमेरा चालू आहे की बंद हे कळायला नुसता दिवा पुरत नाही. त्याला सरकतं झाकण हवं.

आणि त्या समोरासमोर बसायच्या गाड्या. मैत्रिणींबरोबर मस्त. अनोळखी माणसाबरोबर वाटून घ्यायची असेल तर त्याचे गुडघे माझ्या गुडघ्यांसमोर, नजर टाळायला जागा नाही. लोकलच्या लेडीज डब्यात वाढलेल्या कुठल्याही बाईला विचारा.

---

खालचा स्टँड

इतकं सगळं वाचलं. माझे वडील ३४ वर्षं मुंबईत काळी-पिवळी चालवत होते. तुम्ही त्यांच्या कामांची यादी केलीत, ती त्यांना वाचून दाखवली. ‘हेडलाइट चालू ठेवायचं लिहिलंय त्याने?’ म्हणाले. मग गप्प बसले.

मला विचारायचंय ते असं. यादीतल्या सगळ्या गोष्टी माणूस करत होता, मग माणूसच का नको? नितीन गडकरींनी भारतात विनाचालक गाड्या येऊ देणार नाही असं जाहीर सांगितलंय, ड्रायव्हरांच्या पोटासाठी. मला ते पटतं.

---

शिवणरेघ

तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा.

तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे स्वच्छ उत्तर नाही आणि असल्याचं दाखवणार नाही. मी ज्या देशात काम करतो तिथे या गाड्या रस्त्यावर आल्या आहेत, फिनिक्समध्ये २०२० पासून कुणीही सामान्य माणूस त्यात बसू शकतो. त्या थांबवणं माझ्या हातात नाही. आत बसणाऱ्याचे हाल न होऊ देणं आहे. आपल्याकडे त्या याव्यात की नाही हा वेगळा आणि मोठा प्रश्न, त्यात तुमच्या वडिलांसारख्यांचं म्हणणं आधी ऐकलं जावं असं मला मनापासून वाटतं.

एक विनंती आहे. त्यांना विचाराल का, म्हातारं माणूस मागे बसलं की ते कशावरून ओळखायचे की आता निघायला हरकत नाही? सीटबेल्टचा सेन्सर मला पट्टा लागला एवढंच सांगतो.

---

फेनबुरुज

मी ताफ्याच्या साफसफाईच्या बाजूला आहे, अमेरिकेतच. इथे कुणी बोललं नाही म्हणून दोन गोष्टी.

पहिली, फट. सीटची बैठक आणि पाठ यांच्यात जी फट असते तिथे रोज काय काय निघतं याची कल्पना येणार नाही. नाणी, इअरफोन, कुरमुरे, औषधाच्या गोळ्या, एकदा लग्नाची अंगठी. ड्रायव्हर दोन फेऱ्यांच्या मध्ये मागे वळून बघायचा. आता गाडी डेपोत येईपर्यंत कुणी बघत नाही. शिलाई जेवढी कमी तेवढं माझं काम सोपं, कारण घाण दोऱ्याच्या भोकांतून फोममध्ये उतरते आणि मग वास जात नाही. सुंदर दुहेरी शिलाई बघितली की मला धडकी भरते. एसटीचं जुनं रेक्झिन आठवा, ओल्या फडक्याने साफ व्हायचं. फक्त ते उन्हात तापायचं आणि घामाने चिकटायचं.

दुसरी, दार. प्रवासी उतरतो आणि दार अर्धवट सोडून जातो. गाडी हलू शकत नाही. रस्त्यात उभी. कुणीतरी जाऊन ते दार लावावं लागतं. हजारो डॉलरचे सेन्सर आणि अडकली कशात, तर दार लावायला हात नाही. आपोआप सरकणारी दारं म्हणून हवीत. वेमोची झीकर या चिनी कंपनीने बनवलेली नवी गाडी तशीच आहे, सपाट जमीन, सरकती दारं.

---

शिवणरेघ

शिलाईबद्दल माझ्या आयडीमुळे मला लागलं, पण पटलं. आम्ही शोरूममध्ये गाडी बघणाऱ्याच्या डोळ्यासाठी शिवत आलो. तिथे गाडी विकत घेणारा एक, वापरणारा तोच. इथे दिवसात वीस-पंचवीस अनोळखी माणसं बसणार आणि त्यातलं कुणीही गाडीचं मालक नाही. फोम आणि आवरण यांच्यामध्ये पाणी अडवणारा थर, शिलाईऐवजी साच्यात दाबून काढलेली रेघ आणि फटीला आतून पडदी, या तिन्हीवर आम्ही काम सुरू केलंय. अडचण वजनाची नाही, ऊबदारपणाची आहे. पुसायला सोपं ते हाताला दवाखान्यासारखं लागतं.

---

खालचा स्टँड

वडिलांना विचारलं. म्हणाले, आरशात बघायचं नाही, म्हातारी माणसं ओशाळतात. ऐकायचं. आधी बूड टेकल्याचा आवाज, मग पिशवी बाजूला ठेवल्याचा, मग एक श्वास सोडतात. तो श्वास ऐकला की गिअर टाकायचा.

---

शिवणरेघ

हे मी आमच्या सेन्सरवाल्या टीमला शब्दशः मांडून सांगितलं. मीटिंगमध्ये बराच वेळ कुणी बोललं नाही. बैठकीवरचं वजन स्थिर होणं, पाठीवर भार येणं आणि हातातली वस्तू खाली ठेवली जाणं, या तीन खुणा जमल्याशिवाय गाडीने हलू नये, एवढं तरी करून बघायचं ठरलं. वेळ ठरवून नाही, खुणा बघून. लेकुरवाळी, तुमची उलटी मोजणी यातच जाईल अशी आशा आहे.

आता पुढचं काम दांडीचं आहे, आईने पुढच्या सीटची पाठ धरली होती तिच्या जागी. समोरासमोरच्या गाडीत धरायला पुढची सीटच नसते. आम्ही प्लायवूडची खोटी गाडी केली आहे आणि दांडी वर-खाली सरकवून बघतोय. ऑफिसातले सगळे तिशी-चाळिशीचे, त्यांना ती कुठेही चालते. म्हणून तुम्हाला काम सांगतो. घरात साठीच्या पुढचं कुणी असेल तर ते रोज ज्या खुर्चीवरून सहज उठतात तिची जमिनीपासून बैठकीपर्यंतची उंची मोजा. उठताना कुठला हात टेकतात, कशावर, आणि तो हात बैठकीच्या किती वर असतो ते बघा. सांगून बघू नका, नाहीतर ते सरळ उठून दाखवतात. नावं नकोत.

आई: बैठक ४७ सेंमी. उजवा हात, टेबलाची कड, बैठकीच्या २६ सेंमी वर. आधी दोनदा पुढे झुकते.

---

घाटवाट

बाबा, ७८. लाकडी आरामखुर्ची नको म्हणतात, प्लॅस्टिकची खुर्ची आवडते. ४४ सेंमी. दोन्ही हात, खुर्चीचेच, १९ सेंमी वर. उठल्यावर थोडं थांबतात, तेव्हा धरायला काही लागतं.

---

मोगरा ७

सासरे, ८१. पलंगाची कड, ५१ सेंमी. डावा हात खिडकीच्या गजाला, ४० सेंमी तरी वर असेल. आणि उठताना डोकं खाली घालतात, म्हणून आपटतं. आत्ता कळलं.

---

खालचा स्टँड

वडील, ७२. ४५ सेंमी. हात टेकतच नाहीत, माझ्या खांद्याला धरतात. खांदा मोजला, बैठकीच्या ५२ सेंमी वर.